एकाच विहिरीचं तेल, दोन शेअर

“सात रुपयांना मिळतोय. अजून किती खाली जाणार?”

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. कॉलेजच्या कट्ट्यावर, मांडव्याच्या लाँचमध्ये, उरण-पनवेल एसटीत, नाहीतर घरी काकांच्या तोंडून. समोरचा सावधपणे म्हणतो, “कंपनी कर्जात बुडालीय, हात लावू नकोस.” त्यावर पहिल्याचं उत्तर ठरलेलं असतं. “अरे, तेलाची कंपनी आहे! समुद्राखाली तेल आहे तिचं. तेल कुठे पळून जाणार?” मग अर्धा तास वाद होतो. दोघंही आपापल्या मतावर ठाम राहून घरी जातात आणि त्यातला एक जण रात्री मोबाइलवर शंभर शेअर घेऊन टाकतो.

रायगडच्या किनाऱ्यावर हा वाद जरा जास्तच रंगतो आणि त्याला कारण आहे. तेल ही आपल्याकडे पेपरात वाचायची गोष्ट नाही. १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात ‘बॉम्बे हाय’ सापडलं आणि तिथलं तेल-वायू पाइपलाइनने उरणला येऊ लागलं. पिरवाडीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की ओएनजीसीचा प्रकल्प जवळच असतो. कुणाचे वडील तिथे कायम, कुणाचा भाऊ कंत्राटी, कुणाच्या मामाची गाडी तिथे भाड्याने लागलेली. त्यामुळे नावात ‘ऑइल’ आलं की आपला विश्वास आपोआप बसतो.

दुसरं कारण पैशाचं आहे. बंदर, महामार्ग, विमानतळ, कॉरिडॉर अशा एकेका प्रकल्पासाठी उरण, पनवेल, अलिबाग, पेण या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या आणि मोबदला बँकेत आला. हा पैसा घरात एकदाच येतो. त्यातला थोडासा भाग जरी पोराच्या डीमॅटमध्ये गेला, तरी “सात रुपयांना मिळतोय” या वाक्यामागे नुसता पॉकेटमनी उरत नाही. म्हणून हा कट्ट्यावरचा वाद आज गांभीर्याने घ्यायचा.

वाद समजून घ्यायला एक खरी गोष्ट सांगतो. आंध्र प्रदेशच्या किनाऱ्याजवळ समुद्रात ‘रव्वा’ नावाचं तेलक्षेत्र आहे. १९९४ मध्ये त्याचा उत्पादन वाटणीचा करार झाला. त्यात ओएनजीसीचा वाटा ४० टक्के आणि व्हिडिओकॉनचा २५ टक्के. म्हणजे तीच विहीर, तेच तेल, भावही तोच. आता या दोन कंपन्यांच्या छोट्या भागधारकांचं पुढे काय झालं ते बघू.

व्हिडिओकॉन म्हणजे आपल्या औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची कंपनी. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन ही तिची ओळख. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत पहिला रंगीत टीव्ही अनेकांच्या घरी याच नावाचा आला. त्याच कंपनीकडे तेलाचाही धंदा होता. नुसता रव्वाच नाही, मोझांबिकच्या समुद्रातल्या वायूक्षेत्रातही वाटा होता. तो २०१४ मध्ये ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांना जवळपास अडीच अब्ज डॉलरला विकला गेला. म्हणजे “समुद्राखाली तेल आहे” हे विधान या कंपनीच्या बाबतीत अगदी खरं होतं.

पण कर्ज एकट्या तेलासाठी घेतलेलं नव्हतं. मोबाइल सेवा, डीटीएच असे बरेच धंदे एकाच वेळी चालले होते. २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने २जी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले, त्यात व्हिडिओकॉनचेही होते. धंदा आक्रसला, कर्ज मात्र तसंच राहिलं. २०१७ च्या सुरुवातीला शंभर रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्याच वर्षी कोसळला. जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

इथून पुढची तीन वर्षं नीट बघा. कंपनी न्यायाधिकरणात होती, पण तिचा शेअर बाजारात चालूच होता. रोज कुणीतरी विकत होतं आणि कुणीतरी घेत होतं. घेणाऱ्याचं गणित तेच, “इतका स्वस्त झालाय, अजून किती पडणार?” जून २०२१ मध्ये त्याला उत्तर मिळालं. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने वेदांत समूहातल्या ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजची योजना मंजूर केली. १३ व्हिडिओकॉन कंपन्यांसाठी देऊ केलेली रक्कम होती सुमारे २,९६२ कोटी रुपये. आणि धनकोंचे मान्य झालेले दावे होते जवळपास ६५ हजार कोटींचे. शंभर रुपये ज्यांचे अडकले, त्यांच्या वाट्याला पाच रुपयेसुद्धा येत नव्हते. खरेदीदार जवळजवळ काहीच देत नाहीये, असं न्यायाधिकरणानेच आदेशात नोंदवलं.

आणि भागधारकांना? शून्य. कंपनीने बाजाराला तसं कळवलं आणि १८ जून २०२१ पासून व्यवहार बंद झाले. पुढे बँक ऑफ महाराष्ट्र आणि आयएफसीआय यांच्यासारखे धनको अपिलात गेले. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने मंजुरी रद्दही केली. पण ते भांडण कशावरून होतं? धनकोंना फार कमी मिळतंय यावरून. छोट्या भागधारकाचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

आता त्याच विहिरीचा दुसरा मालक, ओएनजीसी. ही कंपनी वर्षानुवर्षं जवळजवळ बिनकर्जाची म्हणून ओळखली जायची. जानेवारी २०१८ मध्ये तिने एचपीसीएलमधला केंद्र सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला आणि त्यासाठी सुमारे २५ हजार कोटींचं कर्ज काढलं. विकणारं सरकार आणि घेणाऱ्या कंपनीचा मोठा मालकही सरकारच. त्या वर्षीचं निर्गुंतवणुकीचं उद्दिष्ट गाठायला सरकारला त्याची चांगलीच मदत झाली. छोट्या भागधारकाला कुणी विचारलं नाही.

तेव्हाही असाच वाद रंगला. “ओएनजीसीवर कर्ज! संपलं आता,” असं एक बाजू म्हणत होती. “सरकारी आहे, बुडणार नाही,” असं दुसरी. पुढे कोविड आला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव चक्क शून्याखाली गेला. जानेवारी-मार्च २०२० या तिमाहीत ओएनजीसीने तीन हजार कोटींहून जास्त तोटा दाखवला. २०१८ च्या जानेवारीत दोनशेच्या आसपास असलेला शेअर मार्च २०२० मध्ये साठच्याही खाली आला होता. मग युक्रेन युद्ध झालं, तेल शंभर डॉलरच्या वर गेलं. कंपनीने कर्ज बरंच खाली आणलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तोच शेअर तीनशेच्या पुढे दिसला.

म्हणजे कर्ज दोघांवरही होतं, आणि तेल तर एकाच विहिरीतलं. एकीकडे भागधारकाला शून्य, दुसरीकडे सहा वर्षांचा धीर धरणाऱ्याला परतावा. मग फरक कशाने पडला?

आमच्या मते फरक एका साध्या गोष्टीने पडतो, आणि कट्ट्यावरच्या वादात नेमकी तीच कधी येत नाही. ती म्हणजे भागधारक रांगेत कितवा आहे.

करंजाच्या बंदरावर बोट लागते तेव्हा काय होतं ते आठवा. मासळीचा लिलाव होतो, पैसे येतात. त्यातून आधी डिझेल, बर्फ आणि रेशनचे पैसे जातात. व्यापाऱ्याकडून उचल घेतली असेल तर ती वळती होते. मग तांडेल आणि खलाशी. या सगळ्यातून उरलं तर नाखव्याचं. मोसम चांगला असेल तर उरतंही भरपूर. पण मासळी कमी आणि उचल जास्त असेल तर? बोट त्याची, नाव त्याचं, झेंडा त्याचा, आणि हातात काहीच नाही. शेअर घेतो तेव्हा आपण खलाशी नसतो, बर्फवालाही नसतो. आपण नाखवा होतो, म्हणजे सगळ्यात शेवटचे.

ही रांग कायद्यातही लिहिलेली आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६. कलम ५३. कंपनी मोडीत निघाली तर पहिल्यांदा प्रक्रियेचा खर्च. मग तारण घेऊन कर्ज देणारे आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी. मग इतर कर्मचारी, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारची देणी आणि उरलेली कर्जं, मग प्रेफरन्स भागधारक. आणि अगदी शेवटी साधा शेअर घेतलेले आपण. कंपनी मोडीत न काढता नवा मालक आला तरी हिशेब याच रांगेवरून होतो. तुमच्या पुढे उभे असलेल्यांनाच शंभराला पाच रुपये मिळत असतील, तर मागे काय येणार?

आता कट्ट्यावरचे मुद्दे एकेक करून घेऊ.

“समुद्राखाली तेल आहे तिचं.” खरं म्हणजे तिचं नाहीच. राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार देशाच्या सागरी हद्दीतली खनिज संपत्ती केंद्र सरकारच्या ठायी असते. कंपनीला करारानुसार ते काढायचा हक्क आणि उत्पादनातला वाटा मिळतो, त्यातही सरकारचा हिस्सा असतोच. भाव वाढला म्हणजे सगळा नफा कंपनीचा, असंही नाही. १ जुलै २०२२ ला सरकारने देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर बसवला. तो वेळोवेळी बदलत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला.

“सात रुपये म्हणजे स्वस्तच ना!” समजा, अलिबागला पन्नास लाखांचं घर आहे आणि त्यावर साठ लाखांचं कर्ज आहे. घर छान उभं आहे, गच्चीतून समुद्र दिसतो, पण मालकाचं त्यात काहीच नाही. या मालकीचा हजारावा तुकडा कुणी सात रुपयांना दिला तरी तो महागच. शेअरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. सगळ्या शेअरची मिळून किंमत आणि त्यावर कर्ज, ही बेरीज केल्यावर बाजार त्या कंपनीला केवढ्याची समजतोय ते कळतं.

“बँका बुडू देणार नाहीत.” बँका स्वतःचे पैसे बुडू नयेत म्हणून धडपडतात, तुमचा शेअर वाचवायला नाही. कंपनी वाचणं आणि जुना भागधारक वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखाना सुरू राहू शकतो, कामगार कामावर जाऊ शकतात, नाव तेच राहू शकतं, आणि तरी जुना शेअर रद्द होऊ शकतो.

अमेरिकेतही हेच घडलं. ओक्लाहोमातली चेसापीक एनर्जी ही तेल-वायूची मोठी कंपनी. ८ जून २०२० ला तिचा शेअर एका दिवसात जवळपास तिप्पट झाला. लॉकडाऊनमध्ये घरी बसून ट्रेडिंग करणाऱ्यांचे ते दिवस होते. २८ जूनला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती सात अब्ज डॉलरहून जास्त कर्ज झटकून बाहेर आली. कंपनी वाचली, जुने शेअर रद्द झाले.

आता समोरच्याचा सगळ्यात भारी मुद्दा. “मग रुची सोयाचं काय?” हीसुद्धा तेलाचीच कंपनी, फक्त खाद्यतेलाची. ती दिवाळखोरीत गेली, २०१९ मध्ये पतंजलीने घेतली आणि जानेवारी २०२० मध्ये सुमारे सतरा रुपयांना पुन्हा बाजारात आलेला शेअर जूनमध्ये पंधराशेच्या वर गेला. खरी गोष्ट आहे, नाकारायचं कारण नाही. पण अर्धीच सांगितली जाते. जुन्या भागधारकाच्या शंभर शेअरचा तिथे एक शेअर झाला होता. आणि जवळपास ९९ टक्के शेअर नव्या प्रवर्तकांकडे असल्याने बाजारात विकायला फारसं काही नव्हतंच. चार टोपल्या मासळी आणि चारशे गिऱ्हाइकं असतील तर भाव कुठेही जातो. त्याच कंपनीने मार्च २०२२ मध्ये जनतेला नवे शेअर विकले ते ६५० रुपयांना. तेव्हा रुची सोया घडलं हे खरं. पण त्याच्या भरवशावर व्हिडिओकॉन घेणं म्हणजे गावात एकाला लॉटरी लागली म्हणून सगळ्या गावाने तिकिटं काढण्यासारखं.

मग कर्जबाजारी कंपनीचा शेअर कधीच घ्यायचा नाही का? तसं आम्ही म्हणत नाही. ओएनजीसीचं उदाहरण समोर आहे. पण घेण्याआधी भावाऐवजी चार गोष्टींवर वाद घाला. कंपनी जेवढं कमावते त्यातून व्याज भरून काही उरतं का? कर्ज कशासाठी काढलं, कमावणाऱ्या धंद्यासाठी की भलत्याच हौसेसाठी? प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर तारण ठेवलेत का? आणि पतमानांकन काय? तिथे ‘डी’ असेल तर कंपनीने हप्ता चुकवलाय. हे सगळं बाजारांच्या आणि मानांकन संस्थांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. वार्षिक अहवाल आणि दर तिमाहीला कंपनी जाहीर करते ती माहिती, एवढं वाचायला एक संध्याकाळ पुरते. बीकॉमला ताळेबंद शिकताय ना? मग तो परीक्षेपुरताच कशाला?

अजून एक. ओएनजीसीत ज्यांना फळ मिळालं त्यांनी निम्म्याहून जास्त पैसे गेलेले बघत वर्षं काढली. ज्याच्या हातात पगार होता, ज्याला ते पैसे उद्या लागणार नव्हते, तोच ती काढू शकला. पुढच्या सेमिस्टरची फी, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव किंवा अॅपवरून काढलेलं कर्ज लावलं असेल, तर साठ रुपयांवर तुम्हाला विकावंच लागलं असतं. शेअर तोच आणि कंपनीही तीच, पण नुकसान तुमचं.

जबाबदारी फक्त विद्यार्थ्यांवर ढकलून आम्हाला मोकळं व्हायचं नाही. दिवाळखोरी प्रक्रियेतल्या कंपन्यांवर बाजार खास देखरेख ठेवतात आणि तशी खूणही लावतात. पण ती खूण म्हणजे इंग्रजी आद्याक्षरं. रेवदंड्याच्या पोराला त्यातून काय कळणार? ‘खरेदी’चं बटण दाबताना स्क्रीनवर मोठ्या अक्षरात मराठीत यायला हवं, “ही कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत आहे. तुमच्या शेअरची किंमत शून्य होऊ शकते.” व्यवहार सरसकट बंद करा, असं आमचं म्हणणं नाही. कारण मग जुन्या भागधारकाची बाहेर पडायची वाटही बंद होते. पण आत येणाऱ्याला दारावरची पाटी त्याच्या भाषेत वाचता आली पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सेबीने एक चर्चापत्र काढलं होतं. नवा मालक ज्या भावाने कंपनी घेतो, त्याच भावाने जुन्या सामान्य भागधारकांनाही काही हिस्सा घ्यायची संधी द्यावी, असा त्यात विचार होता. अशा गोष्टींवर कॉलेजांमध्ये चर्चा व्हायला हवी. गुंतवणूक जागृतीच्या शिबिरात डीमॅट कसं उघडायचं ते शिकवतात, एसआयपी शिकवतात. रांगेत आपण शेवटचे आहोत, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

ज्या मातीतून हा पैसा येतो तिचाही एक इतिहास आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. नुसता रोख मोबदला देऊन आम्हाला वाटेला लावू नका, विकसित जमिनीत आमचा वाटा द्या, हा त्या लढ्याचा आग्रह होता. त्यातूनच साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं. शेअर या शब्दाचा अर्थही वाटाच. त्या माणसांना कंपनी कायदा ठाऊक नव्हता, पण वाटा नेमका कशात, किती आणि कधी मिळणार, हे विचारल्याशिवाय ते हटले नाहीत. त्यांच्या नातवंडांनी सात रुपयांच्या शेअरला एवढे तीन प्रश्न तरी विचारायला हवेत.